हंगामापूर्वीची भाकिते



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो वेतन, बोनस किंवा कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. त्या विषयांवर आम्ही वर्षभर बोलतच असतो, आणि आमचे सभासदही ते ऐकून कधी कधी कंटाळतात. म्हणून आज आम्ही असा विषय घेतला आहे की ज्यासाठी पूर्णेत कोणाला सभेला बोलावून आणावे लागत नाही. क्रिकेटचा हंगाम सुरू होण्यापूर्वी चहाच्या टपरीवर, रनिंग रूममध्ये, हमालांच्या बाकावर जी भाकिते होतात, आणि त्यांवरून जी थट्टामस्करी चालते, तिच्याविषयी आम्हाला चार शब्द सांगायचे आहेत.

भाकिताची हौस आपल्याकडे जुनीच. पाडव्याला पंचांग वाचून वर्षफल ऐकावयाचे, ही रीत घरोघर होती. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळ गावी अक्षय्य तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यातील धान्याची हालचाल पाहून पाऊसपाणी आणि पिके सांगतात. पण शेतकऱ्याचे भाकीत जिवावरचे असते. ते चुकले तर बियाणे मातीत जाते आणि सावकार दारात येतो. खेळाचे भाकीत मात्र असे आहे की ते चुकले तरी कोणाची चूल विझत नाही. म्हणूनच त्यावर मोकळेपणाने हसता येते. निदान तसे असावयास हवे. ते तसे राहावे यासाठीच आजचे हे बोलणे आहे.

आपले पूर्णा हे जंक्शन. एक मार्ग परभणीवरून मनमाडकडे जातो, दुसरा नांदेडवरून हैदराबादकडे, तिसरा हिंगोलीवरून अकोल्याकडे. मार्गांप्रमाणे इथल्या निष्ठाही फुटलेल्या आहेत. रणजी करंडकाच्या सामन्यांत मराठवाडा महाराष्ट्राच्या संघात मोडतो, म्हणून जुने लोक महाराष्ट्राचे. अकोल्याकडून बदलून आलेले विदर्भाचे. हैदराबादकडचे हैदराबादचे. ज्यांच्या घरी दोन पिढ्या रेल्वेची भाकरी खाल्ली, ते रेल्वेच्या संघाचे. आणि ज्याला कोणाशी भांडावयाचे नाही, तो मुंबईचा. कारण मुंबईचा पक्ष घेतला की बहुधा हरण्याची पाळी येत नाही.

आता ही मंडळी एकत्र बसली म्हणजे काय होते, ते आपण जाणताच. महाराष्ट्रवाल्याने तोंड उघडण्याचा अवकाश, की कोणी तरी विचारतो, "काय हो, तुमचा करंडक कुठे ठेवलाय? मागच्या वेळी जिंकलात तेव्हा इथे निजामाचं राज्य होतं!" ते खोटेही नाही. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने 1939-40 आणि 1940-41 अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी जिंकली, आणि आमच्या पाहण्यात त्यानंतर तो करंडक तिकडे फिरकलेला नाही. त्यावर महाराष्ट्रवाल्याचे उत्तर ठरलेले असते: देवधरांनी मुंबईविरुद्ध 246 धावा काढल्या तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते, तुमचे पंचविशीतले पोर धापा टाकते! रेल्वेवाला मग 2001-02 आणि 2004-05 ही दोन विजयाची साले काढतो आणि बजावतो की आमचे खेळाडू रेल्वेचे नोकर आहेत, भाड्याने आणलेले नाहीत. विदर्भवाला पूर्वी या बैठकीत चूप बसत असे, कारण त्याच्या संघाला कोणी मोजतच नसे. 2017-18 साली विदर्भाने अंतिम सामन्यात दिल्लीला हरवले, पुढच्या वर्षी करंडक राखला, आणि 2024-25 साली तिसऱ्यांदा जिंकला. तेव्हापासून त्याचा आवाज चढला आहे. चढावयासच हवा.

असल्या गप्पांना रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणणारे पुष्कळ आहेत. आमचे मत वेगळे आहे. कामगारांत उभे आयुष्य घालवल्यावर आम्हाला असे दिसते की, दिवसाकाठी हीच एक घटका अशी असते की जीत खालचा माणूस वरच्याशी बरोबरीने बोलतो. रजेचा अर्ज हातात घेऊन साहेबासमोर मान खाली घालणारा गँगमन टपरीवर त्याच साहेबाला म्हणतो, "साहेब, यंदा तुमच्या कर्णधाराचं काही खरं नाही." साहेबाला राग येत नाही, त्याला उत्तर शोधावे लागते. तिथे हुद्दा चालत नाही, आकडे चालतात.

आणि आकड्यांची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आम्हाला शाळेचा लाभ फारसा झाला नाही. सरासरी म्हणजे काय, हे आम्ही फलंदाजाच्या सरासरीवरून शिकलो, आणि कोष्टक वाचावयास शिकलो ते वर्तमानपत्राच्या क्रीडापानावरील गुणतक्त्यावरून. रणजीत निर्णायक विजयाला 6 गुण. डावाने किंवा दहा गड्यांनी जिंकल्यास 7. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्यास 3 आणि मागे पडणाऱ्यास 1. हा हिशेब आमचा निरक्षर हमालही तोंडी करतो. "आणखी एक सामना आघाडीवर सुटला तर आपण बाद फेरीत जातो का," हे तो बोटांवर मोजून सांगतो. मग आम्ही त्याला विचारतो, बाबा रे, तुझ्या पगारातून भविष्य निर्वाह निधीचे 12 टक्के कापले जातात, आणि मालकाने आपलेही तितकेच भरावयाचे असतात, ते भरले की नाही हे तू कधी मोजलेस का? तो म्हणतो, "ते आपल्याला कुठं कळतंय?" ज्याला गुणतक्ता कळतो त्याला पगारपत्रक कळत नाही, हे आम्ही मान्य करीत नाही. डोके तेच आहे. एका ठिकाणी त्याला कोणी हसत हसत बोलावले, दुसऱ्या ठिकाणी दटावून पाठविले, एवढाच काय तो फरक. आमच्या कितीएक सभासदांना आम्ही सेवापुस्तक वाचावयास शिकविले ते याच गुणतक्त्याचा दाखला देऊन.

भाकीत खरे ठरले पाहिजे, असाही आग्रह नको. 1958-59 पासून 1972-73 पर्यंत मुंबईने सलग 15 वर्षे रणजी करंडक जिंकला. त्या काळात हंगामापूर्वी मुंबईचे नाव घेणारा दरवर्षी बरोबर ठरे. पण त्यात कसली मौज? 1973-74 साली कर्नाटकाने उपांत्य फेरीत मुंबईला अडविले आणि पुढे करंडकही नेला, तेव्हा साऱ्या देशात पुन्हा बोलण्याजोगे काही तरी झाले. 1983 च्या विश्वचषकापूर्वी इंग्लंडमधील डेव्हिड फ्रिथ या नामांकित संपादकाने भारताची गणना दुबळ्या संघांत केली होती. त्याला दोष तरी कसा द्यावा? त्याआधीच्या दोन विश्वचषकांत भारताने एकच सामना जिंकला होता, तोही पूर्व आफ्रिकेविरुद्ध. 25 जून 1983 रोजी लॉर्ड्सवर भारताने 183 धावा करून वेस्ट इंडीजला 140 वर गुंडाळले. मग एका वाचकाने आठवण करून देताच फ्रिथसाहेबांनी आपले शब्द छापलेला कागद खरोखरच खाऊन दाखविला. शब्द चुकला तर तो गिळावा, अशी माणसे आज राजकारणात किती सापडतील? टपरीवर मात्र अजून सापडतात.

इथे आमच्या रेल्वेवाल्या बंधूंना एक चिमटा काढतो. तुम्ही दोन करंडकांचा तोरा मिरविता. पण देशातील महिला क्रिकेटमध्ये रेल्वेच्या संघाने वर्षानुवर्षे जे वर्चस्व गाजविले, त्याचे नाव तुमच्या भाकितांत येत नाही. मिताली राज रेल्वेकडून खेळल्या, हरमनप्रीत कौर यांनीही रेल्वेत नोकरी केली. 2025 च्या विश्वचषकात भारतीय महिला साखळीत लागोपाठ तीन सामने हरल्या, तेव्हा टपरीवरच्या पंडितांनी त्यांचा निकाल लावून टाकला. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत त्यांनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक घेतला. या गप्पांत आमच्या भगिनींना बाकावर जागा दिली असती, तर एखादे भाकीत तरी बरोबर ठरले असते.

ही झाली गोड बाजू. आता या गप्पा नासतात कशाने, ते पाहू. आम्हाला दोन कारणे दिसतात.

पहिले कारण द्वेष. मुंबईत 1912 पासून हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन अशा चार संघांचे सामने होत. 1937 पासून उरलेल्यांचा पाचवा संघ त्यात आला. सामन्यापूर्वी आठवडेच्या आठवडे चर्चा रंगे, मैदानाला जत्रेचे रूप येई. पण संघच धर्मावर उभे केलेले. तेव्हा थट्टेला विष लागावयास कितीसा वेळ? गांधीजींनी 1940 साली या सामन्यांविरुद्ध मत दिले आणि 1946 साली ते कायमचे बंद झाले. त्याच स्पर्धेच्या इतिहासात एक निराळा वादही आहे. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातील गोलंदाज. पुण्याच्या मैदानावर नोकरीस राहून, गोऱ्या साहेबांना चेंडू टाकून टाकून तयार झालेले. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरीही हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्यांना दिले गेले नाही. कर्णधार कोण असावा, यावर लोकांत आणि वृत्तपत्रांत वाद झाला, तो वाढत गेला, आणि 1923 साली बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू जिंकले. पाहा, हंगामापूर्वीचाच वाद. पण गुणाच्या बाजूने बोलणारी माणसे त्यात उभी राहिली, आणि त्या बोलण्याने एका जुन्या दाराला फट पडली. तेव्हा गप्पांना रिकामी बडबड म्हणू नये. त्यात कोणाची बाजू घ्यावयाची हे मात्र पाहावे.

दुसरे कारण पैसा. हे आज अधिक घातक आहे. गेल्या शतकाच्या सातव्या दशकात मुंबईच्या गिरणगावात मटका बोकाळला. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर लावलेल्या आकड्यांपासून त्याची सुरुवात झाली. पुढे मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या. कापसाचे सूत कातणाराच कापसाच्या आकड्यावर पगार हरत होता. आज मडके गेले आणि हातात मोबाईल आला. भाकीत सांगू नका, आमच्या ॲपवर लावा, अशी जाहिरात नामांकित खेळाडू करू लागले. 2020 साली तर आयपीएल ड्रीम इलेव्हनच्या नावाने झाली, आणि पुढे तेच नाव भारतीय संघाच्या अंगावर आले. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आणली, तेव्हा ते नाव संघाच्या अंगावरून उतरले. कायद्याचे आम्ही स्वागत करतो. पण कायदा झाल्यानंतर मटका थांबला नव्हता, हेही आम्हास ठाऊक आहे.

आमच्याकडे तरुण कंत्राटी कामगार येतात. महिन्याच्या सात तारखेला पगार होतो, आणि दहा तारखेला ते उचल मागतात. घरी आजारपण नाही, लग्नकार्य नाही. खोदून विचारले म्हणजे मोबाईल पुढे करतात. अशा मुलाची आम्ही एक खूण ओळखली आहे: तो टपरीवर बोलेनासा होतो. काल जो महाराष्ट्रासाठी भांडत होता, त्याचा आज कोणताच संघ नसतो. ज्यावर पैसे लावले तो त्याचा संघ, आणि तोही तेवढ्या षटकापुरता. हरल्यावर त्याला कोणी चिडवीत नाही, कारण त्याने कोणाला सांगितलेलेच नसते. चिडविणारा मित्र गेला की सावरणारा मित्रही गेला. पुढे पतपेढीचे कर्ज, मग खासगी सावकार, मग बायकोची पोत. हा रस्ता आम्ही पुष्कळदा पाहिला आहे.

कोणी म्हणेल, हरणाऱ्याने चहा पाजावयाचा, हीही पैजच नव्हे काय? होय, पैजच आहे. परंतु चहाच्या पैजेत जिंकणारा आणि हरणारा एकाच बाकावर बसून तोच चहा पितात. जुगारात दोघेही हरतात, आणि जिंकणारा त्यांना कधी दिसतही नाही. माणसाने शब्द पणाला लावावा. पगार लावू नये. पगार त्याच्या एकट्याचा नसतोच, तो घरातल्या पाच तोंडांचा असतो.

म्हणून शेवटी एक व्यवहारी सूचना करून थांबतो. दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास रणजी सुरू होते आणि पाडव्याच्या आसपास आयपीएल. त्याआधी प्रत्येक संघटनेच्या कार्यालयात, रनिंग रूममध्ये, वाचनालयात एक फळा टांगावा. ज्याला जे भाकीत करावयाचे ते त्याने खडूने लिहावे आणि खाली आपले नाव घालावे. हमालाने लिहावे, साहेबाने लिहावे, घरच्या बायामुलींनीही लिहावे. हंगाम संपेपर्यंत फळा पुसू नये. शेवटी सर्वांनी मिळून तो वाचावा, हसावे, आणि चुकलेल्यांनी चहा सांगावा. त्याच फळ्याच्या दुसऱ्या अंगास भविष्य निर्वाह निधीचा महिन्याचा हिशेबही मांडता येईल. वाचणारे आपोआप जमलेले असतील. आणि एखादा नेहमीचा बडबड्या यंदा फळ्याकडे फिरकला नाही, असे दिसले, तर त्याच दिवशी त्याच्या घरी जाऊन यावे.