मायक्रोवेव्ह वापरताना: इतवारीच्या मासिक सभेतलं बोलणं

(फेडरेशनच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या बोलण्याचा हा मजकूर. ज्या ताईंना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांच्या गटात तो वाचून दाखवावा.)



आज सभा इतवारीत ठेवली, कारण पापडासाठी उडदाची डाळ, मिरची, धने ठोकात घ्यायला आपल्याला इकडे यावंच लागतं. बाजाराच्या पिशव्या मागं भिंतीशी ठेवल्यात, त्यांच्याकडे लक्ष आहे, काळजी करू नका. मी बोलायला उभी राहिली की बहुतेक वेळा हप्ता, रजिस्टर, बँकेचं खातं हेच असतं. आज टेबलावर हा मायक्रोवेव्ह बघून दोघीतिघींनी आल्याआल्याच विचारलं, "हे कायले आणलं बाप्पा?" सांगते.

मागच्या महिन्यात मौदा तालुक्यातल्या आपल्या एका ताईनं गटात एक गोष्ट सांगितली. त्या नागपुरात एका घरी स्वयंपाकाला जात होत्या. घरच्या बाईंनी सांगितलं, भाजी मायक्रोवेव्हमध्ये गरम करून ठेवा. ताईंनी स्टीलच्या वाटीत भाजी काढली, वाटी आत ठेवली, बटण दाबलं. आत ठिणग्या उडाल्या, चर्रचर्र आवाज झाला. घाबरून त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं, ते अगदी बरोबर केलं. पण मशीन बिघडलं म्हणून पगारातून पैसे कापले, आणि आठ दिवसांत ताईंनी ते काम सोडलं. गटात सांगताना त्या हसत होत्या, बाकीच्याही हसल्या. मग त्या एवढंच म्हणाल्या, "मले कोणी सांगतलंच नाही नं, स्टील ठेवू नोका म्हणून."

खरंच कोणी सांगितलं नव्हतं. मशीनसोबत पुस्तक येतं, ते इंग्रजीत किंवा हिंदीत असतं, आणि ते मालकिणीच्या कपाटात असतं. आपल्या फेडरेशनमधल्या कितीतरी जणी शहरात स्वयंपाकाला जातात. काहींच्या मुलींना लग्नात हे मशीन आलंय. हे समोरचंसुद्धा तसंच आलेलं आहे. दोन वर्षं झाली, त्यात पापडाचे डबे ठेवतात. आजच्यासाठी रिकामं करून दिलं, त्याबद्दल त्या ताईंचे आभार.

आधी हे मशीन तापवतं कसं ते समजून घेऊ. ते कळलं की बाकीचे निम्मे नियम पाठ करायची गरज नाही.

चुलीवर काय होतं? जाळानं गंज तापतो, गंजानं भाजी तापते. इथं जाळ नाही. आत मॅग्नेट्रॉन नावाचा एक भाग असतो, तो रेडिओसारख्या लाटा सोडतो. या लाटा अन्नातल्या पाण्याच्या कणांना इकडून तिकडे वळवतात, सेकंदाला जवळपास २४५ कोटी वेळा. थंडीत आपण हात एकमेकांवर चोळतो नं, तसे ते कण एकमेकांशी घासतात आणि तापतात. म्हणजे तापतं ते मुख्यतः अन्नातलं पाणी. भांडं जे तापतं ते बहुतेक अन्नाच्या गरमीनंच.

हे काही पुरातन नाही. महायुद्धात शत्रूची विमानं शोधायला रडार वापरायचे, त्यात हेच मॅग्नेट्रॉन होतं. १९४५ मध्ये अमेरिकेत रडारच्या कारखान्यात काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातलं चॉकलेट वितळलं, तिथून ही कल्पना निघाली. १९४७ मधलं पहिलं मशीन माणसाएवढं उंच आणि तीन क्विंटलपेक्षा जड होतं. आणि याच जातीच्या लाटांवर त्याच्याही पन्नास वर्षं आधी, १८९५ मध्ये, कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी प्रयोग करून दाखवले होते. हे मुद्दाम सांगते, कारण "हे विदेशी, आपल्याले काय समजते" असं म्हणून आपण मागे सरतो.

आता स्टीलचं. धातूतून ही लाट आत जात नाही, आरशावरून ऊन परततं तशी ती परतते. म्हणून स्टीलच्या डब्यातलं अन्न नीट तापत नाही, आणि पातळ कडेला, टोकाला ठिणगी उडते. चमचा, चांदीचा वर्ख, ॲल्युमिनियमची पन्नी, तारेचं बंधन, सोनेरी किनार असलेली कपबशी, सगळं बाहेर. लग्नात आलेले ते सोनेरी किनारीचे सेट आपण जपून ठेवतो नं, ते तर मुळीच नाही.

मग ठेवायचं कशात? जाड काचेचं, ओव्हनसाठीचं म्हणून मिळतं ते भांडं, किंवा किनार नसलेली साधी चिनीमातीची वाटी. प्लास्टिकच्या डब्याखाली बघा, मायक्रोवेव्हसाठी चालेल असं लिहिलेलं किंवा लाटांची खूण असेल तरच. आइस्क्रीमचे, श्रीखंडाचे रिकामे डबे नकोत. आणि मेलामाइनच्या त्या रंगीत ताटल्या, दिसायला चिनीमातीसारख्या, वजनाला हलक्या, त्याही नकोत. एखाद्या चिनीमातीच्या वाटीबद्दल शंका असेल तर ती रिकामी आत ठेवा, शेजारी पाण्याचा ग्लास ठेवा, काचेचा बरं का, आणि एक मिनिट चालवा. पाणी गरम आणि वाटी थंड, तर ती चालते. वाटीच तापली तर ती यासाठी नाही. धातूची मात्र अशी परीक्षा घेऊ नका, तिचा निकाल आपल्याला माहीत आहे. पाण्याचा ग्लास न ठेवता रिकामं मशीनही चालवू नका. लाटांना शोषायला काही नसलं तर मशीनचंच नुकसान होतं.

इथं एक घोळ आहे. काही मशीनमध्ये कन्व्हेक्शन असतं, केक भाजायला. त्यात गरम हवा फिरते, ती आपल्या भट्टीसारखी. तिथं धातूचा साचा चालतो आणि प्लास्टिक वितळतं, म्हणजे नियम बरोबर उलटा. ग्रिलमध्ये वरची सळई लालबुंद होते, तिथंही प्लास्टिक नको. म्हणून दुसऱ्याच्या घरी काम करत असाल तर पहिल्याच दिवशी विचारा, "ताई, गरम करायचं बटण कोणतं, आणि त्यात कोणती भांडी ठेवू?" विचारण्यात कमीपणा काही नाही. न विचारल्यानं पगार जातो, ते आपण पाहिलं.

आता माझी फजिती. एमएसडब्ल्यूच्या पहिल्या वर्षाला मी इथंच इतवारीत भाड्याच्या खोलीवर राहत होते. घरमालकीण काकूंचं मशीन होतं. सकाळी उकडलेली अंडी रात्री गरम केली, टरफल काढलेली, म्हटलं आता काय होणार? आत काहीच झालं नाही. बशीत घेऊन सुरी लावली आणि अंडं तोंडावर फुटलं. गालावर दोन फोड, डोळा थोडक्यात वाचला. पिवळ्या बलकाभोवती वाफ कोंडून राहते, तिला वाट मिळाली की ती अशी सुटते. कच्चं अंडं टरफलासकट ठेवलं तर मशीनमध्येच फुटतं. बटाटा, वांगं, टमाटर, ज्याला म्हणून साल आहे त्याला आधी काट्यानं चार-पाच ठिकाणी टोचा. डब्याचं झाकण घट्ट लावू नका, नुसतं वर ठेवा. आणि काढताना झाकण आपल्या बाजूनं नाही, पलीकडच्या बाजूनं उचला. वाफेचा चटका तव्यापेक्षा वाईट.

पाण्याची गोष्ट तर याहून फसवी. चुलीवर पाणी बुडबुड करतं, आपल्याला कळतं. यात गुळगुळीत कपातलं पाणी उकळायच्या पुढं जाऊनही शांत दिसू शकतं. मग त्यात साखर किंवा कॉफी टाकली की एकदम उसळून हातावर येतं. एका कपाला साधारण दीड-दोन मिनिटं पुरतात, पाच मिनिटं लावू नका. आत एक लाकडी चमचा ठेवा, आणि बंद झाल्यावर अर्धा मिनिट थांबून मग काढा.

थांबणं हे अन्नालाही लागतं. लाट फार खोल जात नाही, दोन-तीन सेंटीमीटर. त्याच्या आतलं मग हळूहळू तापतं. म्हणून वाटी कडेला उकळते आणि मधे थंडगार. भाजी पसरट भांड्यात घ्या, अर्ध्यात काढून ढवळा, परत लावा, शेवटी मिनिटभर झाकून ठेवा. बाळाची दुधाची बाटली यात गरम करू नका. बाटली बाहेरून कोमट लागते आणि आतलं दूध जागोजागी पोळण्याइतकं असतं. गरम पाण्याच्या गंजात बाटली ठेवायची आपली पद्धतच बरी.

शिळ्या भाताबद्दल पारशिवनीच्या मावशींनी विचारलं होतं. भात दिवसभर ओट्यावर राहिला असेल तर मशीन त्याला चांगला करत नाही. त्यात जे विष तयार होतं ते गरम करून जात नाही. तास-दोन तासांत फ्रीजमध्ये ठेवलेला असेल तर पाण्याचा हबका मारा, झाका, चांगली वाफ येईपर्यंत गरम करा, एकदाच.

हे मशीन कशाला चांगलं आणि कशाला नाही, यावर माझं मत सांगते, तुमचं वेगळं असू शकतं. शेंगदाणे चांगले भाजतात, दर मिनिटाला ढवळायचे. पापड बिनतेलाचा छान फुलतो, चाळीस-पन्नास सेकंदांत. रव्याला कीड लागू नये म्हणून गरम करायला बरं. भाकर मात्र चामड्यासारखी होते. ओलं फडकं गुंडाळून पंधरा-वीस सेकंद, त्याहून जास्त नाही. भरताचं वांगं सात-आठ मिनिटांत शिजेल, पण त्याला धुराची चव येणार नाही, आणि धुराशिवाय भरत मी तरी भरत म्हणणार नाही. फोडणी यात नाही, तळण तर अजिबात नाही, तेल किती तापलं ते कळतच नाही. वाळली लाल मिरचीही नको. तिच्यात पाणी नाही, ती जळते आणि घरभर ठसका लागतो. तसा धूर दिसला, आत काही पेटलं, तर दार उघडायचं नाही. बटण बंद, प्लग काढा, दार बंदच राहू द्या. हवा मिळाली नाही की आपोआप विझतं.

भीतीचं बोलू. "यानं कॅन्सर होते म्हणते" असं कुहीच्या एका वहिनी म्हणाल्या. या लाटा एक्स-रेसारख्या नाहीत, त्या फक्त तापवतात. दिवा बंद केल्यावर खोलीत उजेड उरत नाही, तसं मशीन बंद झाल्यावर अन्नात काही उरत नाही. दाराच्या काचेत बारीक जाळी दिसते का? लाट आहे बारा सेंटीमीटरची, जाळीचं भोक मिलीमीटरभर, ती बाहेर पडत नाही. पण हे दार शाबूत असलं तर. दार वाकलेलं, कडी सैल, कडेला गंज, असं मशीन वापरू नका आणि जुन्या बाजारातून स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. गावातल्या मिक्सर दुरुस्तीवाल्याकडून मागचा पत्रा उघडवू नका. आत हजारो व्होल्ट असतात, प्लग काढल्यावरही काही वेळ धक्का बसू शकतो.

घरी ठेवताना मागे आणि वर हवेला जागा सोडा. आपल्याकडे टीव्हीपासून मिक्सरपर्यंत सगळ्यावर क्रोशाचा रुमाल पडतो, यावर चालू असताना नको. याला तीन पिनांचा मोठा प्लग आणि खरं अर्थिंग लागतं. मोबाईल चार्जिंगच्या लांब बोर्डावर हे लावलं तर वायर तापते. साधं मशीन साधारण १२०० वॅट वीज ओढतं, म्हणजे पाच मिनिटांना युनिटचा दहावा भाग. बिल त्यानं फुगत नाही. गावात व्होल्टेज कमी असलं की तापायला वेळ लागतो, तेवढं धरून चला.

राहिला कर्जाचा प्रश्न, कारण दोन अर्ज माझ्याकडे आलेत. समजा ६००० रुपये उचलले, शेकडा २ महिना, आणि महिन्याला ५०० मुद्दल फेडली. वर्षभरात व्याज ७८० होतं. व्याज गटातच राहतं हे खरं, पण फेडायचं तुम्हाला आहे. ज्या ताई डबे पुरवतात त्यांचा अर्ज मला पटतो. दुपारी एकदम दहा जणांना गरम द्यायचं असतं, त्यांचा हिशोब त्यांनी लिहून आणलाय. दुसरा अर्ज फक्त घरच्यासाठी आहे, आणि त्या घराचं अर्थिंग मी बघून आले, ते नाहीच. मी त्यांना आधी वायरमन बोलवा म्हटलं, त्या जरा नाराज आहेत. निर्णय गटाचा आहे, माझा नाही. रजिस्टर मधे ठेवलंय, दोन्ही अर्ज वाचून मग हात वर करा.

त्याआधी मशीन चालू करते. मौद्याच्या ताई, तुम्ही पुढं या. बटण तुम्हीच दाबायचं आहे. पापड कोणाकडे आहेत?