आवाज पोहोचला का?
(संस्थेच्या विज्ञान मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



मला आज हौशी रेडिओवर बोलायचे आहे. तो कसा चालतो हे पुस्तकांतून वाचायला मिळते. तो चालेनासा होतो तेव्हा काय करायचे, हा माझा विषय. मी बी.ए., बी.एड. झालेला शिक्षक आहे, विज्ञानाचा पदवीधर नाही. या छंदाला पदवी लागत नाही, त्यामुळे येथे बसलेल्या सातवी-आठवीच्या मुलामुलींनीही हे आपल्यासाठीच आहे असे समजून ऐकावे.

प्रथम दोन शब्द ओळखीचे. घरातला रेडिओ फक्त ऐकतो. हौशी रेडिओ ऐकतो आणि बोलतोही. १९८८ साली आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी आपल्या नागपुरातून सुरू झाली, तेव्हा तिच्यासाठी १००० किलोवॅटचे, म्हणजे दहा लाख वॅटचे प्रक्षेपण यंत्र होते. हौशी माणसाचा नेहमीचा संच १०० वॅटचा, म्हणजे त्याच्या दहा हजाराव्या हिश्श्याचा. एवढ्याशा शक्तीवर तो मुंबईशी बोलतो, आणि हवा अनुकूल असली तर परदेशाशीही. शक्ती थोडी असल्यामुळे ती वाटेत वाया जाऊन चालत नाही. दोष शोधण्याची विद्या येथे म्हणूनच महत्त्वाची.

हा केवळ शौक आहे काय? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे १०,००० माणसे गेली. त्या दिवसांत हौशी रेडिओवाल्यांनी आपले संच घेऊन निरोपांची ने-आण केली. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी अंदमानवर आली, तेव्हा भारती प्रसाद या हौशी रेडिओचालक आपल्या सहकाऱ्यांसह तेथेच होत्या. त्या संचांवरून बेटांवरील लोकांच्या खुशालीचे निरोप देशभर गेले. मुलींनी हे नाव विशेष लक्षात ठेवावे. अशा वेळी बाजारातून नवी वायर आणू म्हणायला बाजार उरलेला नसतो. जो संच आधी तपासलेला असतो तोच उपयोगी पडतो.

आता मूळ विषयाकडे वळू. सर्वांत नेहमीची तक्रार अशी: "मला सगळे ऐकू येतात, पण माझे कोणालाच ऐकू जात नाही." नवशिका लगेच म्हणतो, संच बिघडला, आणि स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतो. माझी विनंती आहे की तो आधी खाली ठेवावा. बिघाड बहुधा संचाच्या बाहेर असतो.

पहिली तपासणी डोळ्यांची. मायक्रोफोनचे बटण दाबल्यावर संच बोलण्याच्या स्थितीत जातो का? बोलण्याची आणि ऐकण्याची फ्रिक्वेन्सी चुकून वेगवेगळी ठेवली गेली आहे का? ७ मेगाहर्ट्झवर खालचा साइडबँड आणि १४ मेगाहर्ट्झवर वरचा, असा रिवाज आहे. तो उलटला तर समोरच्याला आपले बोलणे बदकाच्या आवाजासारखे लागते. मायक्रोफोनचा आवाज फार वाढवला तर बोलणे फाटते आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरील लोकांना त्रास होतो. या चार गोष्टी पाहायला एक पैसा लागत नाही.

दुसरी तपासणी विजेची. असा संच १३.८ व्होल्टवर चालतो. ऐकताना तो एखादा अँपिअर घेतो, पूर्ण शक्तीने बोलताना मात्र सुमारे २० अँपिअर. आता विद्यार्थ्यांनी ओहमचा नियम आठवावा. वीज आणणाऱ्या तारांचा आणि सैल झालेल्या जोडांचा मिळून रोध केवळ ०.१ ओहम असला, तर ऐकताना ०.१ व्होल्ट कमी पडतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. बोलताना मात्र ०.१ गुणिले २०, म्हणजे २ व्होल्ट गळतात. संचाला ११.८ मिळतात आणि तो गुदमरतो. ऐकणे उत्तम आणि बोलणे बंद, या कोड्याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते. म्हणून व्होल्टमीटर संचाच्या मागे लावावा आणि बोलण्याचे बटण दाबून ठेवूनच आकडा वाचावा. विश्रांतीत घेतलेला आकडा उपयोगाचा नाही.

तिसरी तपासणी सर्वांत गुणाची. एरियलची केबल काढून तिच्या जागी ५० ओहमचा डमी लोड लावावा. हा डमी लोड म्हणजे संचाची सगळी शक्ती पिऊन तिची उष्णता करणारा रोधक. त्यावर संच पूर्ण शक्ती देत असेल तर संच, वीज व मायक्रोफोन हे तिघे निर्दोष ठरले; दोष पुढे, केबल किंवा एरियलमध्ये आहे. शक्ती देत नसेल तर दोष मागे आहे. एका प्रयोगात निम्मे घर तपासून झाले. उरलेल्या निम्म्याचे पुन्हा दोन भाग करावेत. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक वेळी वहीत लिहावे. तीन गोष्टी एकदम बदलून संच सुरू झाला, तर तो चालतो खरा, पण आपण शिकलो काहीच नाही.

चौथी तपासणी एरियलची. सर्वांत साधी एरियल म्हणजे मधोमध कापलेली तार. १४३ ला मेगाहर्ट्झने भागले की तिची लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे २०.१४ मीटर, प्रत्येक बाजूला १० मीटरहून किंचित जास्त. लांबी चुकली किंवा जोड तुटला तर शक्ती एरियलवरून उलट फिरते. ही उलटी शक्ती मोजण्याचे जे मीटर आहे त्याला एसडब्ल्यूआर मीटर म्हणतात. त्याचा आकडा १.५ असला तर ४ टक्के शक्ती परत येते, २ ला ११ टक्के आणि ३ ला २५ टक्के. आकडा वाढला की आजचे बहुतेक संच स्वतःच्या बचावासाठी शक्ती आपोआप कमी करतात.

येथे आपल्या नागपूरचे हवामान ध्यानात घ्यावे. मे महिन्याच्या उन्हात केबलच्या आवरणाला तडे जातात, दोऱ्या ठिसूळ होतात. मग जूनचा पहिला पाऊस त्या तड्यांतून आत शिरतो, आणि केबलच्या आतील जाळी दिव्याच्या वातीप्रमाणे ते पाणी पुढे ओढून नेते. जानेवारीत संक्रांतीच्या पतंगांचा मांजा तारेत अडकतो आणि ओढाताणीत जोड सैल होतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी एकदा आणि संक्रांतीनंतर एकदा गच्चीवर जाऊन प्रत्येक जोड पाहावा व रबरी टेपने बंद करावा. आकाशात ढग गडगडत असतील तर मात्र वर जाऊ नये आणि एरियलची केबल संचापासून काढून ठेवावी. विजेच्या खांबांच्या तारांजवळ एरियल कधीही बांधू नये. बोलणे चालू असताना तिला हात लावू नये.

आणि कधी कधी दोष कोठेच नसतो. ७ मेगाहर्ट्झच्या लहरी दिवसा काही शे किलोमीटरपर्यंत चांगल्या जातात, रात्री फार दूर पोहोचतात. १४ मेगाहर्ट्झच्या लहरी आकाशातील आयनांच्या थरावरून परतून दूर उतरतात आणि मधला मुलूख ओलांडून जातात. नागपूर ते किल्लारी हे सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटर. दिवसा तेथे बोलायचे तर ७ मेगाहर्ट्झ सोयीचे. १४ वर उत्तम संचही बहुधा मुका ठरेल. तेव्हा घड्याळ आणि नकाशा हीही तपासणीची साधने आहेत.

आता एक सापळा सांगतो. आकडा १.५ दिसला की माणूस निश्चिंत होतो. पण केबलमध्ये पाणी शिरले आहे आणि पाच हिश्श्यांपैकी चार हिस्से शक्ती ती वाटेतच खाते, असे समजा. टोकाला तार पार तुटलेली असली तरी एक पंचमांश शक्ती तेथवर जाते, सगळी उलट फिरते आणि परतताना तिचाही एक पंचमांशच उरतो. एक पंचमांश गुणिले एक पंचमांश म्हणजे एक पंचविसांश, अर्थात ४ टक्के. मीटर १.५ दाखवतो! डमी लोडवर तर आकडा जवळजवळ १ येतो, आणि डमी लोडवरून आवाज गल्लीच्या टोकालाही जात नाही. शक्ती परत आली नाही, एवढेच मीटर सांगतो. ती पोहोचली असे तो सांगत नाही.

मग पोहोचली हे कोण सांगणार? दूरचा ऐकणारा. हौशी रेडिओत समोरच्याला त्याच्या आवाजाचा दर्जा सांगण्याची पद्धत आहे: स्पष्टतेला १ ते ५ आणि जोराला १ ते ९. सर्वोत्तम म्हणजे पाच-नऊ. पण शिष्टाचार म्हणून पुष्कळ लोक कसाही आवाज असला तरी पाच-नऊ सांगतात. ऐकणारा खूश होतो आणि त्याची केबल तशीच कुजत राहते. ज्या दिवशी एखाद्या गावातून जखमींचा आकडा कळवायचा असतो, त्या दिवशी या गोड खोटेपणाची किंमत कळते. "भाई, तुमचा आवाज तीन-चार आहे, अर्धे शब्द कळत नाहीत," असे सांगणारा हाच खरा दोस्त. अकराव्या शतकात इब्न अल-हैसम यांनी प्रकाशाच्या अभ्यासात प्रयोग हाच पुरावा मानला. मोठ्या माणसाने सांगितले म्हणून नव्हे, पडताळले म्हणून खरे, ही शिस्त आपल्याच वारशातली आहे.

पालकांनो, यातून आपल्यालाही घेण्यासारखे आहे. गुणपत्रिका हे आपल्या घरातले मीटर आहे. तिचा आकडा चांगला असावाच. परंतु शिकलेले मुलापर्यंत पोहोचले का, हे आकडा सांगत नाही. मुलाला एखादी गोष्ट करून दाखवायला सांगा, धाकट्या बहिणीला समजावून द्यायला सांगा, मग कळेल. आम्ही शिक्षकही दयेपोटी पाच-नऊ देतो, त्याने मुलाचे भले होत नाही.

शेवटी एका भीतीविषयी बोलतो. वायरलेस हा शब्द ऐकला की अम्मी-अब्बांना पोलीस आठवतात. ही काळजी मी हसण्यावारी नेणार नाही. तिच्यावर उपाय कायद्यातच आहे. परवान्याशिवाय बोलणे हा गुन्हा आहे. परवाना घेऊन बोलणे हा नागरिकाचा हक्क आहे. वयाची १२ वर्षे पूर्ण झाली की केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयाच्या परीक्षेला बसता येते. तिच्या दोन श्रेणी आहेत, आणि खालच्या श्रेणीला मोर्सची अट नाही. परवान्याबरोबर स्वतःचे संकेतनाम मिळते, ते बहुधा व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होते. प्रत्येक संभाषणात ते उच्चारायचे, सांकेतिक भाषा वापरायची नाही, व्यापार करायचा नाही, आणि केव्हा कोणाशी बोललो याची वही ठेवायची. सर्व जगाला ऐकू येईल असे, आपले नाव सांगून, उघड बोलायचे. आपल्या मुलांनी याहून सरळ मार्ग कोणता शिकावा?

परवाना हाती येईपर्यंत ऐकावे, एरियलची लांबी काढावी, सोल्डरिंग शिकावे, वही घालावी. आपल्या मोहल्ल्यात ज्यांच्या हातात हुनर आहे असे कारागीर आहेत. त्यांच्याजवळ बसून जोड कसा घट्ट करायचा ते पाहावे. पुस्तकाचे इल्म आणि हाताचे हुनर एकत्र आले, तर किल्लारीसारखी वेळ पुन्हा आली, खुदा न करो, तर या शहरातून उत्तर देणारा एखादा आवाज आपल्या मुलामुलींचा असेल.