पोत्यावरचं नाव

किराणा दुकानात आपण ‘एचएमटी आहे का?’ असं सहज विचारतो. तांदळाचा ‘एचएमटी’ या मनगटी घड्याळाशी संबंध काय, हे मात्र आपण कधी विचारत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यात, नांदेड नावाचं एक गाव आहे, मराठवाड्यातलं नव्हे. तिथल्या दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली ‘पटेल-३’ धानाच्या बांधीत तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाणा पिवळसर. शिक्षण जेमतेम तिसरीपर्यंत, जमीन दीडेक एकर. पण नजर पक्की. त्यांनी त्या लोंब्या पिशवीत जपल्या, वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या. धान बारीक निघालं, भात चवदार झाला. एका व्यापाऱ्यानं बियाणं नेलं आणि तेव्हा मनगटामनगटावर असलेल्या घड्याळाचं नाव त्याला चिकटवलं. पुढं १९९८ साली अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं ‘पीकेव्ही एचएमटी’ हे वाण प्रसारित केलं. म्हणजे नावात विद्यापीठ आलं, घड्याळ राहिलं. खोब्रागडे कुठंच नाहीत.

यानंतर तीनच वर्षांनी, २००१ मध्ये, पीक वाणांचं संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांचा कायदा झाला. नावाच्या बाबतीत तो चांगलाच काटेकोर आहे. वाणाचं नाव नुसत्या आकड्यांचं नको, गुणांविषयी दिशाभूल करणारं नको, धार्मिक भावना दुखावणारं नको. गावाचं नाव घ्यायचं तर ते प्रामाणिकपणे घेतलंय, हे वाणांची नोंद करणाऱ्या निबंधकाला पटायला हवं. शिवाय वाणाच्या नावाची ट्रेडमार्क म्हणून नोंद होत नाही. हे मला फार आवडतं. (धानाला घड्याळाचं नाव आज निबंधकापुढं नेलं असतं, तर त्यांनी काय केलं असतं? धान कोणी मनगटाला बांधत नाही, एवढं तरी त्यांनी मान्य केलं असतं.)

आता ही माझ्या हातातली पिशवी बघा. कापडाची, सुतळीनं बांधलेली, वर अक्षरही नाही. आत या कायद्याखाली नोंदलेल्या, म्हणजे संरक्षित वाणाचं घरचं बियाणं आहे असं समजा. कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे शेतकरी ते राखू शकतो, पेरू शकतो, शेजाऱ्याशी बदलू शकतो, विकूही शकतो. गिऱ्हाईकानं ‘कोणतं आहे?’ विचारलं तर तोंडानं सांगितलं तरी चालतं. पण याच पिशवीवर त्या वाणाचं नाव लिहिलेली चिठ्ठी लावली, की ते ‘ब्रँडेड’ बियाणं झालं आणि ते विकायचा हक्क संपला. बी तेच, पिशवी तीच.

एवढं स्पष्ट असूनही २०१९ च्या एप्रिलमध्ये पेप्सिकोनं आपलं संरक्षित वाण लावलं म्हणून गुजरातेतल्या चार बटाटा उत्पादकांवर दावे लावले. प्रत्येकाकडून एक कोटीहून जास्त भरपाई मागितली. कागदावर वाणाचं नाव होतं ‘एफएल २०२७’. शिवारात त्याला ‘एफसी-५’ म्हणतात. देशभर ओरड झाली आणि मे महिन्यात दावे मागं घेतले गेले. कलम ३९ तेव्हाही कायद्यात होतंच. ते कोर्टात वाचून दाखवायला मात्र वकील लागतो, आणि त्याची फी पोत्यांत घेत नाहीत.