चार कोपरे आपणही मोजू

(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय भावाचा नाही, कर्जाचा नाही. विषय आकडेमोडीचा आहे. आकडेमोड म्हटली की आपण साहेबाकडे पाहतो. कापूस एकाधिकार खरेदीच्या काळात ग्रेडर सांगेल ती प्रत आणि काटा दाखवील ते वजन आपण ऐकून घेतले. जमिनीखाली काय आहे हे शोधणारी मंडळी तुमच्या शिवारात येतील तेव्हा तसे ऐकून घ्यायचे नसेल, तर आज पाऊण तास लक्ष द्या.

२०१६ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय भूकंपीय सर्वेक्षण कार्यक्रम सुरू केला. तेल आणि वायूच्या शोधासाठी देशभरात ४८,२४३ किलोमीटर लांबीच्या रेषांवर सर्वेक्षण करायचे ठरले. आपल्याकडे वणी-चंद्रपूरच्या पट्ट्यात दगडी कोळसा आहे. काळ्या खडकाच्या खाली आणखी काय दडले आहे, याचीही शास्त्रज्ञांना उत्सुकता आहे. तेव्हा असे पथक आपल्या वावरात कधीच येणार नाही, असे समजू नका.

'भूकंपीय' हा शब्द ऐकला की १९९३ ची किल्लारी आठवते आणि पोटात गोळा येतो. या सर्वेक्षणाने तसला भूकंप होत नाही. बोअर पाडून त्यात लहानसा सुरुंग उडवतात, किंवा जड गाडीने जमीन थरथरवतात. तो हादरा खालच्या थरांवर आपटून परत येतो. वावरात ओळीने रोवलेले जिओफोन तो टिपतात. परतीला किती वेळ लागला त्यावरून थर किती खोल ते काढतात. विहिरीत दगड टाकून 'डुबुक' ऐकू येईपर्यंत आपण मोजतो, त्याच जातीची ही युक्ती. पण या कामात पऱ्हाटीच्या पाट्या तुडवल्या जातात, ठिबकच्या नळ्या फुटतात, विहिरीचे बांधकाम जुने असेल तर काळजी वाटते. म्हणून पहिला प्रश्न हा की माझे वावर त्या पट्ट्यात येते की नाही. याचे उत्तर चार कोपऱ्यांच्या आकड्यांत असते.

कोपरा म्हणजे दोन आकडे

गुंठा कसा ठरला ते तुम्हाला ठाऊक आहे. ३३ फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा. शंकू-साखळीने मोजणारा एका दगडापासून निघतो, सरळ इतक्या साखळ्या जातो, काटकोनात इतक्या साखळ्या वळतो. सर्वेक्षणवाल्यांचेही तेच आहे. फक्त त्यांची साखळी मीटरची आणि त्यांचा दगड फार लांबचा. कोणत्याही जागेला ते दोन आकडे देतात, एक पूर्वेकडचा आणि एक उत्तरेकडचा.

समजा, यवतमाळच्या पूर्वेला एक चौकोन आखायचा आहे. त्याचा पहिला कोपरा 'अ': पूर्व २,०५,०००, उत्तर २२,५६,०००. चौकोन १० किलोमीटर लांब, ५ किलोमीटर रुंद आणि थोडा तिरपा. तिरपेपणा असा की 'अ'पासून लांबीच्या दिशेने ५ पावले चालले तर ३ पावले पूर्वेला आणि ४ पावले उत्तरेला सरकतो. ३-४-५ हे गणित गवंड्याला विचारा, याच मापाने तो घराचा काटकोन काढतो.

आता कोपरे काढू. लांबी १०,००० मीटर. पूर्वेला त्याचे तीन-पंचमांश ६,०००, उत्तरेला चार-पंचमांश ८,०००. दोन्ही 'अ'मध्ये मिळवा:

'ब': पूर्व २,११,०००, उत्तर २२,६४,०००.

रुंदी काटकोनात उजवीकडे वळते. त्यामुळे तीन आणि चार यांची अदलाबदल होते आणि उत्तरेचा आकडा कमी होतो. ५,००० मीटरचे चार-पंचमांश ४,००० पूर्वेला वाढवा, तीन-पंचमांश ३,००० उत्तरेतून वजा करा. हीच बेरीज-वजाबाकी 'ब'वर केली की 'क', आणि 'अ'वर केली की 'ड':

'क': पूर्व २,१५,०००, उत्तर २२,६१,०००.
'ड': पूर्व २,०९,०००, उत्तर २२,५३,०००.

झाले चार कोपरे. आता ताळा. 'अ' आणि 'क'ची बेरीज करा, 'ब' आणि 'ड'ची करा. दोन्हीकडे पूर्व ४,२०,००० आणि उत्तर ४५,१७,००० येते. बेरीज जुळली की समोरासमोरच्या बाजू जुळल्या. मग दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ११,१८० मीटर येतात, म्हणजे काटकोनही बरोबर. कंपनीने दिलेल्या यादीवर हा ताळा करून पाहा. जुळला नाही तर चौकोन वाकडा आहे किंवा आकडा चुकला आहे, आणि दोन्हींचा जाब विचारता येतो.

माझे वावर आत की बाहेर?

तुमच्या वावराच्या धुऱ्यावर उभे राहून मोबाईलवर आकडे घ्या. समजा पूर्व २,०९,२०० आणि उत्तर २२,५८,९०० आले. त्यातून 'अ'चे आकडे वजा केले की उरले ४,२०० आणि २,९००. लांबीच्या दिशेने अंतर काढायला पहिल्याचे तीन-पंचमांश आणि दुसऱ्याचे चार-पंचमांश मिळवा: २,५२० अधिक २,३२०, म्हणजे ४,८४०. रुंदीसाठी पहिल्याच्या चार-पंचमांशातून दुसऱ्याचे तीन-पंचमांश वजा करा: ३,३६० वजा १,७४०, म्हणजे १,६२०. लांबी शून्य ते दहा हजारांत, रुंदी शून्य ते पाच हजारांत. वावर आत आहे.

शेजाऱ्याचे आकडे पूर्व २,०६,५००, उत्तर २२,५९,५००. वरवर पाहिले तर हे आकडे चार कोपऱ्यांच्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यांच्या मध्येच बसतात. पण हिशेब केला की लांबी ३,७०० येते आणि रुंदी उणे ९००. वावर ९०० मीटर बाहेर आहे. तिरप्या चौकोनात नुसते आकडे पाहून फसायला होते ते असे.

आता खरी गोम ऐका. कागदावरचा चौकोन बहुधा ज्या भागाचे पूर्ण चित्र हवे त्याचा असतो. काठावरचे चित्र नीट यावे म्हणून सुरुंग आणि जिओफोन त्या चौकोनाच्या बाहेरही लावावे लागतात. समजा, चारही बाजूंनी एक-एक किलोमीटर बाहेर गेले. मग १० बाय ५ चा चौकोन १२ बाय ७ होतो. पाच हजार हेक्टरांचे आठ हजार चारशे हेक्टर झाले! 'तुमचे वावर यादीत नाही' असे ज्या शेजाऱ्याला सांगितले, त्याच्याच जोंधळ्यातून तारा जाणार. म्हणून चार कोपरे मागून थांबू नका. विचारा, हे कोपरे चित्राचे की प्रत्यक्ष कामाचे?

चार खड्डे

पहिला खड्डा: अंश-मिनिटांचा. २० अंश ३० मिनिटे म्हणजे २०.५० अंश. कोणी २०.३० लिहिले तर कोपरा २२ किलोमीटर सरकतो.

दुसरा: पट्ट्याचा. ७८ अंशांची रेषा आपल्या यवतमाळ जिल्ह्यातून जाते. तिच्या पश्चिमेला मोजणीचा ४३ वा पट्टा, पूर्वेला ४४ वा. रेषेवरच्या एकाच धुऱ्याचा पूर्वेचा आकडा एका पट्ट्यात सुमारे ८,१३,००० आणि दुसऱ्यात सुमारे १,८७,००० येतो. दारव्हा एका पट्ट्यात, यवतमाळ दुसऱ्यात. यादीवर पट्ट्याचा क्रमांक नसेल तर ती यादी परत करा.

तिसरा: जुन्या-नव्या नकाशांचा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्टच्या मापावर आहेत. मोबाईल जगभर चालणाऱ्या डब्ल्यूजीएस-८४ या मापावर आकडे देतो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर लोकांसाठीचे नकाशेही त्याच मापावर निघू लागले. दोन्ही मापांत आपल्याकडे शंभर मीटरांहून अधिक फरक पडतो. एवढ्यात वावर एका गटातून दुसऱ्या गटात जाते.

चौथा: उत्तर दिशेचा. आपल्या उदाहरणातल्या जागी नकाशाच्या चौकटीची उत्तर आणि खरी उत्तर यांत जवळजवळ एक अंशाचा फरक आहे. दहा किलोमीटरवर तो १७० मीटर होतो, म्हणजे आपल्या सतरा साखळ्या.

आणि एक सावधगिरी. मोबाईलचा आकडा मोकळ्या आभाळाखाली पाच-दहा मीटर इकडेतिकडे होतो. आत की बाहेर एवढे ठरवायला तो पुरतो. भावाभावांतला धुरा ठरवायला तो काढू नका, त्याला भूमी अभिलेखाची मोजणीच लागते.

मागायचे काय?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम ४८ सांगते की जमिनीखालची खनिजे सरकारची. हा कायदा आपल्याला मान्य असो वा नसो, आज तो आहे. पण त्याच कलमात पुढे असेही आहे की हा हक्क वापरताना जमिनीच्या पृष्ठभागाला धक्का लागला आणि कोणाच्या हक्काला बाधा आली, तर सरकारने किंवा सरकारच्या वतीने येणाऱ्याने भरपाई द्यायची. पहिला भाग साहेब वाचून दाखवतात. दुसरा भाग आपल्याला वाचावा लागतो.

तेव्हा गावोगाव एवढे करा. पथक आले की ग्रामपंचायतीत कोपऱ्यांची लेखी यादी मागा. तिच्यावर पट्टा, माप आणि कामाची खरी हद्द असली पाहिजे. गावातल्या दहावी-बारावीच्या पोरापोरींना बसवून गट क्रमांकाप्रमाणे आत-बाहेरचा तक्ता करा आणि चावडीवर लावा. काम सुरू होण्याआधी उभ्या पिकाचा, विहिरीचा, नळ्यांचा पंचनामा करून घ्या. नंतरचा पंचनामा म्हणजे मेलेल्या बैलाची दातपाहणी.

खाली तेल निघो, कोळसा निघो, की काहीच न निघो. वरचे पीक आपले आहे. त्याची नुकसानी मागायला जाताना हातात अर्ज असतोच, यापुढे आकडेही असू द्या.