मागे गेलेली हनुवटी आणि तिच्यावरील उपाय
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळात लोणची-पापड, शिवण, हळदीकुंकू यांवर नेहमी बोलणे होते. आज मी जरा निराळा विषय घेतला आहे. कोणाला हसू आले तरी माझी हरकत नाही. परंतु हनुवटी मागे असली म्हणजे मुलीला काय काय ऐकून घ्यावे लागते, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. पाहुणे पोहे खाऊन जातात आणि दोन दिवसांनी निरोप येतो, "मुलगी गुणी आहे हो, पण बाजूने चेहरा बरा दिसत नाही." मुलगी आतल्या खोलीतून सारे ऐकत असते.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण शेजारच्या एका मुलीसोबत गेले दीड वर्ष मी दवाखान्यात जात आहे. तेथे डॉक्टरांनी जे समजावून सांगितले, तेच मी आपल्या भाषेत सांगते.

हनुवटी मागे असण्याची कारणे सारखी नसतात. कोणाचा जबडा व दात जागच्या जागी असतात, फक्त हनुवटीचे टोक लहान असते. कोणाचा सबंध खालचा जबडाच लहान असतो. मग वरचे दात पुढे आलेले दिसतात. पुष्कळदा हे घराण्यातूनच येते. तिसरे कारण मात्र आयांनी नीट लक्षात ठेवावे. मूल हनुवटीवर पडते, हनुवटीला टाके पडतात, जखम भरते आणि आपण विसरून जातो. पण मार कानाजवळच्या सांध्यालाही बसलेला असतो. तेथील हाड मोडून कधी कधी सांधा जुळून जातो, तोंड उघडेनासे होते आणि जबड्याची वाढ खुंटते.

आमच्या शेजारच्या मुलीचे असेच झाले. चार वर्षांची असताना ती ओट्यावरून पडली. आठवीत गेली तेव्हा तिच्या तोंडात धड एक बोटही जात नव्हते. भाकरी दुधात कुस्करून खायची. शाळेतली मुले तिला चिमणी म्हणत. रात्री मोठ्याने घोरायची आणि श्वास कोंडून दचकून उठायची. जबडा मागे असला की जीभही मागे सरते व श्वासाची वाट अरुंद होते. घरची मंडळी लग्नाच्या काळजीत होती. डॉक्टरांनी आधी झोप आणि श्वास विचारला.

आता उपाय सांगते. मूल वाढीचे असेल, सांधा चांगला असेल, तर दातांचे डॉक्टर तोंडात बसवण्याचे साधन देतात. साधारण 10 ते 14 या वयात त्याचा उपयोग होतो. ते वय निघून गेले की ती संधी गेली.

वाढ पुरी झाल्यावर, फक्त टोकच लहान असेल तर जेनिओप्लास्टी करतात. खालच्या ओठाच्या आतून छेद घेतात, दातांच्या मुळांखाली हनुवटीचे हाड कापून पुढे सरकवतात आणि टायटॅनियमच्या पट्टीने व स्क्रूने बसवतात. बाहेरून व्रण दिसत नाही. दुसरा मार्ग म्हणजे हाडावर सिलिकॉनचा तुकडा बसवणे. हे काम लहान असते. पण तो तुकडा सरकू शकतो, पिकू शकतो, तसे झाल्यास काढावा लागतो. इंजेक्शनने भरणेही निघाले आहे, ते काही महिन्यांनी विरते.

सबंध जबडा लहान असेल तर टोक पुढे आणून दात जुळत नाहीत. तेव्हा आधी बरेच महिने दातांना तारा लावतात आणि मग जबडा दोन्ही बाजूंनी कापून पुढे आणतात. फारच लहान जबड्याला हाड कापून तेथे यंत्र बसवतात आणि रोज सुमारे 1 मिलिमीटर फिरवून ते लांबवतात. मधल्या फटीत नवे हाड भरत जाते. सांधा जुळला असेल तर तोही मोकळा करावा लागतो. कोणते काम आधी, हे डॉक्टर ठरवतात.

आमच्या मुलीचा सांधा मोकळा झाला. त्यानंतर रोज तोंड उघडण्याचा व्यायाम. दुखते म्हणून ती रडते, पण व्यायाम सोडला तर सांधा पुन्हा जुळतो, म्हणून तिची आई पदराने डोळे पुसते आणि व्यायाम करवते. हनुवटीचे काम अजून बाकी आहे.

धोकेही सांगितले पाहिजेत. सूज येते, काही दिवस पातळ खावे लागते, खालचा ओठ बधिर होतो. बधिरपणा बहुधा जातो, पण काहींचा कायम राहतो.

चेहऱ्यावरची शस्त्रक्रिया आपल्याकडे नवी नव्हे. टिपूने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला 1793 च्या सुमारास पुण्यात एका देशी कारागिराने कपाळाच्या कातडीचे नाक करून दिले. त्याची हकीकत 1794 साली लंडनच्या मासिकात छापून आली.

भगिनींनो, पाहुण्यांनी नाक मुरडले म्हणून मुलीला शस्त्रक्रियेला पाठवू नये. तिला स्वतःला हवे असेल, ती सज्ञान असेल, तर मात्र तिला हसूही नये. केवळ रूपासाठी सरकारी योजनेचे पैसे मिळत नाहीत. पण तोंड उघडत नसेल, श्वास कोंडत असेल, तर दवाखान्यातील आरोग्यमित्राला जरूर विचारावे. आपल्या शेजारी सावंगीला दंत महाविद्यालय आहे, नागपूरला सरकारी दंत महाविद्यालय आहे. लांब जाण्याचे कारण नाही.

आज घरी गेल्यावर एवढे करा. मुलांना त्यांचीच तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगा. जात नसतील, किंवा मूल रात्री श्वास कोंडून उठत असेल, तर लग्नाच्या वयाची वाट पाहू नका. एकटीने जायला संकोच वाटला तर मला हाक मारा, मी सोबत येईन. दवाखान्याची वाट आता माझ्या पायाखालची झाली आहे.