थंडीवर आलेला आळ

कॅनडांतील ऑन्टेरिओ प्रांतांत माझा एक पुतण्या राहतो. तीन वर्षांपूर्वीं त्यानें एक जुनें मोटरहोम विकत घेतलें. मोटरहोम म्हणजे चाकांवरचें बिऱ्हाडच : पुढें इंजिन व चालकाची बैठक, मागें निजण्याची जागा, शेगडी, शीतकपाट, नळ, दिवे, सारें कांहीं. उन्हाळ्यांत हीं मंडळी त्यांतून सरोवरांच्या कांठीं हिंडतात. ऑक्टोबरअखेर नळांतील पाणी काढून तें बिऱ्हाड घराशेजारीं उभें करतात, आणि एप्रिलपर्यंत तें तेथेंच बर्फाखालीं राहतें. पहिल्या एप्रिलांत पुतण्यानें किल्ली फिरवली तेव्हां इंजिन सुरू झालें, पण आंतला एकहि दिवा लागेना. त्यानें नवी बॅटरी आणली. दुसऱ्या एप्रिलांत पुन्हां तोच प्रकार. दुकानदार म्हणाला, “आमच्याकडची थंडीच बॅटऱ्या खाते,” आणि तो आणखी एक बॅटरी बांधून देऊं लागला. तेव्हां मात्र पुतण्यानें मला फोन केला. “काका, थंडी एवढी वीज कशी खाते हो ?”

माझें आयुष्य विजेच्या कामांत गेलें, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला. प्रश्न चांगला होता. कारण थंडी वीज खात नाहीं, उलट ती राखते.

मोटारींत जी शिशाची बॅटरी असते तिची मूळ कल्पना गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं प्रत्यक्षांत आणली. एक पत्रा शिशाचा, दुसरा शिशाच्या ऑक्साइडाचा, आणि दोहोंमध्यें पाणी मिसळलेलें गंधकाम्ल. बॅटरी वीज देते तेव्हां आम्लाचा अंश दोन्ही पत्र्यांवर जाऊन बसतो आणि मागें राहिलेला द्रव अधिकाधिक पाणचट होत जातो. नुसती ठेवलेली बॅटरीहि हळूहळू उतरते, पण ही क्रिया उष्णतेनें वाढते व थंडीनें मंदावते. नागपूरचा मे महिना आणि ऑन्टेरिओचा जानेवारी यांतून निवड करावयाची झाल्यास भरलेली बॅटरी जानेवारीच पसंत करील ! थंडींत तिचा जोर तात्पुरता घटतो, त्यामुळें इंजिन कुरकुरतें, हें खरें; पण ऊब मिळतांच तो परत येतो. आपल्याकडे २५ मार्च २०२० पासून सारे व्यवहार बंद झाले, तेव्हां पुण्यामुंबईच्या आवारांत आठवडेच्या आठवडे उभ्या राहिलेल्या कितीतरी मोटारी मे महिन्यांत हूं कीं चूं करीनात. तेथें कोठें बर्फ पडलें होतें ?

थंडी घात करते ती मागाहून. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा द्रव शून्याखालीं ५० अंशांवरहि गोठत नाहीं. उतरलेल्या बॅटरीचा पाणचट द्रव मात्र शून्याखालीं दहाएक अंशांवरच गोठतो, फुगतो, पत्रे वांकवतो आणि कधीं कधीं पेटी फोडतो. अशी गोठलेली बॅटरी चुकूनहि भारित करूं नये. स्फोटाचें भय असतें. सारांश, चोरी आधीं होते आणि थंडी नंतर येते.

मग चोर कोण ? पुतण्याच्या गाडींत बॅटऱ्या दोन : एक इंजिनाची, दुसरी बिऱ्हाडाची. इंजिन सुरू होत होतें, म्हणजे अर्धा शोध तेथेंच संपला. नवी बॅटरीच दोषी नाहीं ना, हें पाहण्यासाठीं ती पूर्ण भरून, सोडवून, आठ दिवस घरांत ठेवावयास मीं सांगितलें. अशी विसावलेली बॅटरी भरलेली असल्यास सुमारें १२.६ व्होल्ट दाखवते, अर्धी असल्यास १२.२, आणि ११.९ दाखवूं लागली कीं रिकामी समजावी. त्याची १२.६ वरच होती. बॅटरी निर्दोष ठरली.

“पण काका, मी तर मुख्य कळ बंद करून ठेवतों,” तो म्हणाला. मीं म्हटलें, कळीवर विश्वास ठेवूं नकोस, मोजून पाहा. बॅटरी पुन्हां जोडून, सर्व दिवे बंद करून, ऋण टोकाची तार सोडावयाची आणि तार व टोक यांच्यामध्यें मल्टिमीटर घालावयाचा. तोहि प्रथम १० अँपिअरच्या मापावर. मापक जोडलेला असतांना पंप किंवा पंखा चालवूं नये, नाहीं तर त्यांतला फ्यूज जातो. (हें मीं सांगण्यापूर्वींच एक फ्यूज गेला होता.) कांटा स्थिरावला तो ११० मिलिअँपिअरवर.

“हा तर नखाएवढा प्रवाह !” तो हंसला. मीं त्याला हिशेब करावयास सांगितलें. दिवसाचे चोवीस तास धरले तर २.६४ अँपिअर-तास, बॅटरी १०० अँपिअर-तासांची. अडतीस दिवसांत खडखडाट, आणि त्यांचा हिंवाळा तर पांच महिन्यांचा !

पुढचें काम चिकाटीचें : एकेक फ्यूज काढावयाचा आणि मापक पाहावयाचा. रेडिओचा काढला, १०२ झाले. शीतकपाटाचा काढला, ८४. मग एक चिठ्ठी नसलेला फ्यूज काढला आणि आंकडा एकदम ४ वर उतरला. तार शोधीत गेल्यावर ती जमिनीलगतच्या एका लहान पेटीपाशीं पोंचली. ती पेटी म्हणजे गॅस गळल्यास भोंगा वाजवणारें यंत्र. त्यांतील संवेदक सतत तापलेला ठेवावा लागतो, म्हणून त्याला रात्रंदिवस वीज लागते. आणि निष्काळजीपणानेंहि तें बंद होऊं नये म्हणून पुष्कळ गाड्यांत त्याची जोडणी मुख्य कळीला वळसा घालून केलेली असते. चोर म्हणून जो सांपडला तो पहारेकरी निघाला.

“मग हा फ्यूज काढूनच टाकतों,” असें तो म्हणाला, आणि त्याच दमांत सहज बोलून गेला, “मुलें नाताळांत तेथें खेळायला जातात, शेगडीवर दूध तापवतात.” मी फोनवर ओरडलोंच. प्रोपेन हवेहून जड. गळला तर जमिनीवर पसरून राहतो आणि बंद खिडक्यांच्या त्या पेटाऱ्यांत मुलांना कळण्याआधींच ठिणगीची वाट पाहूं लागतो. मुलें आंत जाणार असतील तर पहारेकरी जागाच पाहिजे, मग त्यासाठीं घरांतून वायर नेऊन बॅटरी भरती ठेवणारा चार्जर लावावा लागला तरी बेहत्तर. छपरावरचा सौर पत्रा त्या कामीं उपयोगाचा नाहीं. तो बर्फाखालीं झांकलेला असतो. (लिथियमची बॅटरी असल्यास शून्य अंशाखालीं ती भारित करूंच नये, हेंहि ध्यानांत ठेवावें.)

त्यानें दुसरा मार्ग पत्करला. नोव्हेंबरांत टांकीची चावी बंद केली, नळींत उरलेला गॅस जाळून टाकला, बॅटरी पूर्ण भरून तिची ऋण तार सोडली, दाराला कुलूप घातलें आणि किल्ली मुलांच्या हाताला लागणार नाहीं अशी ठेवली. जानेवारींत एकदां बर्फ उपसून त्यानें व्होल्ट मोजले, १२.६ भरले. यंदा एप्रिलांत दिवे पहिल्या खेपेसच लागले. सुकाणूच्या चाकावर त्यानें एक कागद बांधून ठेवला होता : “तार जोडल्यावर भोंग्याचें बटण दाबून पाहणें, मगच टांकी उघडणें.” अक्षर त्याच्या धाकट्या मुलीचें आहे, असें तो म्हणाला.