स्वभाव, विकार आणि उपचार



जांभळाच्या झाडाखाली आलेल्या सहा भुकेल्या वाटसरूंचा दृष्टान्त या सभागृहातील बहुतेकांनी लहानपणी पाठशाळेत ऐकलेला असेल. एकाला झाड मुळासकट उपटावेसे वाटते, दुसऱ्याला ते बुंध्यापाशी तोडावेसे वाटते, तिसरा मोठ्या फांदीवर समाधान मानतो, चौथा डहाळीवर; पाचवा फक्त फळे तोडू म्हणतो आणि सहावा खाली पडलेली फळे वेचून भूक भागवतो. भूक एकच, झाडही एकच. वृत्ती मात्र सहा. कृष्ण, नील, कापोत, पीत, पद्म आणि शुक्ल या लेश्यांचे विवेचन 'गोम्मटसार' जीवकांडात आलेले आहे. त्यातील मर्म असे की लेश्या हा कपाळावर उमटवलेला कायमचा शिक्का नव्हे. मनाचे परिणाम पालटले की लेश्याही पालटते. मनुष्यस्वभावाचे वर्गीकरण करण्याचा हा प्रयत्न आधुनिक मानसशास्त्राच्या कितीतरी शतके आधीचा आहे.

आधुनिक शास्त्राने हाच प्रश्न निराळ्या वाटेने हाताळला. १९३६ साली गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या अमेरिकन अभ्यासकांनी इंग्रजी शब्दकोश चाळून माणसाचे वर्णन करणारे सुमारे १८,००० शब्द वेगळे काढले. पुढच्या संशोधकांनी त्यांची चाळणी करीत करीत ते पाच गुणांवर आणून ठेवले: नव्या अनुभवांविषयी खुलेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौजन्य आणि भावनिक चंचलता. प्रत्येक माणसात हे पाचही गुण असतात, फक्त त्यांचे प्रमाण कमी-अधिक असते. त्याआधी व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉईडने मनाचा तळ शोधला आणि इदम्, अहम् व पराहम् यांच्या झगड्यातून व्यक्तिमत्त्व घडते असे मांडले. कार्ल युंगने १९२१ साली अंतर्मुख व बहिर्मुख असे दोन प्रकार सांगितले. ते शब्द आज लग्नाच्या स्थळांच्या माहितीपत्रकातही आढळतात! कार्ल रॉजर्सने माणसाच्या ठायी वाढण्याची उपजत ओढ असते यावर भर दिला. यांपैकी कोणतीही एक उपपत्ती संपूर्ण माणूस सांगू शकत नाही, आणि तसा दावा करणाऱ्यापासून दूर राहणेच इष्ट.

परंतु या व्याख्यानाचा खरा विषय याच्या पुढचा आहे. मराठीत एक म्हण फार सहजतेने वापरली जाते: स्वभावाला औषध नाही. ती अर्धीच खरी आहे. स्वभावाला औषध नसेल. पण जो स्वभाव नव्हेच, जो आजार आहे, त्यालाही हीच म्हण लावली जाते आणि त्यापायी तरुण माणसांच्या आयुष्यातील मोलाची वर्षे वाया जातात.

समजा, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेल्या एका कुटुंबातील विशीतला मुलगा आहे. वर्षभरापूर्वीपर्यंत तो दुकानाचा जमाखर्च चोख ठेवीत होता. हळूहळू त्याने मित्र सोडले, अंघोळ टाळू लागला, रात्री जागू लागला. 'शेजारचे गाळेवाले माझ्याविषयी बोलतात' असे म्हणू लागला. घरातले म्हणतात, 'तो पहिल्यापासूनच अबोल.' आत्या म्हणते, 'लाडाने बिघडला.' काका म्हणतात, 'लग्न करून द्या, सुधारेल.' वास्तविक अबोल असणे हा स्वभाव. चोख काम करणारा मुलगा वर्षभरात पार बदलून जाणे हा स्वभाव नव्हे. स्वभाव बालपणापासून सोबत असतो, विकाराला बहुधा सुरुवात सांगता येते. हा बदल कधीपासूनचा, एवढा एकच प्रश्न घरच्यांनी स्वतःला विचारला तरी पुष्कळ उलगडते. या मुलाची लक्षणे स्किझोफ्रेनियाकडे बोट दाखवतात. हा आजार बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो, आणि उपचार जितके लवकर तितके ते फलदायी. अशा वेळी आजार लपवून केलेला विवाह म्हणजे दोन कुटुंबांवर केलेला अन्याय होय. येणाऱ्या सुनेला आपण कशात पाऊल टाकीत आहोत हे कळण्याचा हक्कच मिळत नाही.

दुसरी कसोटी तीव्रतेची आणि कालावधीची. कृष्णाकाठचा अनुभव येथे उपयोगी पडतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि सांगलीतील घरेदारे, दुकाने दिवसचे दिवस पाण्याखाली राहिली. २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. आता जुलै लागला की सांगलीकर पुलाजवळची पातळी विचारतो आणि सामान माडीवर नेऊन ठेवतो. यात विकार काही नाही, हा शहाणपणा आहे. मात्र एखाद्याला मार्चच्या उन्हातही पाण्याचा आवाज ऐकून छाती धडधडते, महिनोन्‌महिने तीच दृश्ये स्वप्नात येतात, नदीकडचा रस्ता टाळण्यासाठी तो कामधंदा सोडतो. तेव्हा तो आघातोत्तर ताणाचा विकार असू शकतो. त्याला 'भित्रा' म्हणून काहीही साधत नाही. उदासीनतेचेही तसेच. शोक हा मानवी धर्म आहे. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवसभर मन खिन्न राहणे, कशातच गोडी न वाटणे, झोप व भूक बिघडणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटत राहणे, ही नैराश्याच्या आजाराची लक्षणे होत. त्याला 'आळशी' ठरवणे हा त्याच्यावरचा दुसरा आघात.

धर्मनिष्ठ घरांत एका विकाराची ओळख विशेष अवघड जाते. त्याला मराठीत पूर्वापार मंत्रचळ म्हणतात. पाणी गाळून घेणे हे व्रत आहे. एकदा गाळले की व्रती माणसाचे मन निवते. मंत्रचळ झालेला माणूस तेच पाणी पाच वेळा, दहा वेळा गाळतो, तरी त्याचे समाधान होत नाही. हात सोलवटेपर्यंत धुतो. एक माळ चुकली असेल या शंकेने रात्र जागून काढतो. व्रत माणसाला मोकळे करते, मंत्रचळ त्याला जखडून ठेवतो. घरातील मंडळी त्याची 'कडक नेमाचा' म्हणून वाखाणणी करतात, आणि तो आतल्या आत होरपळत असतो. या विकारावर औषधांचा आणि वर्तनोपचाराचा चांगला उपयोग होतो.

मनोविकारांवरील उपचारांचा इतिहास पाहिला तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोंडून ठेवण्यापलीकडे फारसे काही हाती नव्हते. १९४९ साली ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी लिथियमचा गुण दाखवला, १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन वापरात आले, आणि साखळदंडांतील माणसे घरी परतू लागली. विजेच्या उपचाराविषयी चित्रपटांनी फार भय पसरवले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल व स्नायू सैल करणारे औषध दिल्याविना तो करण्यास बंदी घातली आहे. योग्य रीतीने केल्यास तीव्र नैराश्यात तो प्राण वाचवतो. नैराश्यावरील गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरे वाटल्यावरही त्या काही महिने चालू ठेवाव्या लागतात. 'आता बरे आहे' म्हणून मध्येच औषध सोडणे हे आजार उलटण्याचे फार मोठे कारण आहे.

औषधाइतकेच संवादालाही स्थान आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली आणि मुंबईचे कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली. तिचे सूत्र सोपे आहे: घटना माणसाला जेवढी दुःखी करते, त्याहून अधिक त्या घटनेविषयीचा त्याचा अट्टहास करतो. 'मला यश मिळावे' ही इच्छा झाली. 'मला यश मिळालेच पाहिजे, नाहीतर मी कवडीमोल' हा अट्टहास झाला.

रुग्णाचे कुटुंब हा उपचाराचा तिसरा आधार. कॅनडात संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारपणातील अनुभवातून १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन केली. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' या २००४ सालच्या चित्रपटामागेही त्यांची प्रेरणा होती. या संस्थेने रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याची काळजी वाहणाऱ्याला 'शुभंकर' हे शब्द रूढ केले. ज्या भाषेत 'येरवड्याला पाठवा' ही थट्टा आहे, त्या भाषेत हे दोन शब्द रुजवणे हे लहान काम नव्हे. आईला 'वेड्याची आई' न म्हणता 'शुभंकर' म्हटले, तर ती डॉक्टरांच्या दारात मान वर करून जाते.

साताऱ्याचे या क्षेत्रातील काम तर घरचेच आहे. मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी साताऱ्यात 'परिवर्तन' ही व्यसनमुक्ती व मानसिक आरोग्याचे काम करणारी संस्था उभी केली. तिने 'मानसमित्र' ही कल्पना रुजवली: गावातीलच प्रशिक्षित कार्यकर्ता, जो प्रथमोपचारासारखा आधार देतो आणि गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञाकडे पोहोचवतो. अंगात येणे, झपाटणे या नावांखाली दडलेले आजार ओळखणे हा त्या कामाचा मोठा भाग. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. दाभोलकरांची हत्या झाली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हे गुन्हे ठरले. तमिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण होरपळून गेले होते. या कायद्याची गरज त्याहून वेगळी सांगावी लागत नाही.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील सुमारे १०.६ टक्के प्रौढांना उपचारयोग्य मनोविकार असल्याचे दिसले, आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना होते. म्हणजे या सभागृहातही काही घरांत हा प्रश्न असणारच. त्या घरांसाठी 'टेलि-मानस' ही शासकीय दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून उपलब्ध आहे. आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्याला 'नाटक करतो' असे म्हणू नये; त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी उपचार मिळवून द्यावा.

शेवटी, या समाजापुरती एक व्यावहारिक बाब, जी डॉक्टर आपण होऊन विचारीलच असे नाही. लिथियम घेणाऱ्याने निर्जळी उपवास केल्यास शरीरातील पाणी घटून रक्तातील लिथियमचे प्रमाण धोकादायक पातळीवर जाऊ शकते. म्हणून दशलक्षण किंवा पर्युषण पर्वाच्या काही आठवडे आधीच डॉक्टरांशी बोलावे. उपवास परस्पर धरू नये आणि औषधही परस्पर सोडू नये. सूर्यास्तानंतर पाणी न घेणाऱ्याने तसे स्पष्ट सांगावे, म्हणजे रात्रीची गोळी सूर्यास्तापूर्वी घेता येईल का, हे डॉक्टर ठरवतील. कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते. तेच औषध गोळीच्या किंवा द्रवाच्या रूपात मिळेल का, असे विचारल्यास पुष्कळदा सोय होते. व्रताच्या संकोचाने गोळ्या गुपचूप खिडकीबाहेर टाकल्या जातात आणि घरच्यांना वाटते, औषधाचा गुण येत नाही.